टाळी आणि स्फोट

ज्याचे सारे आयुष्य इंग्रजी शिकवण्यात गेले, त्याला एखाद्या इंग्रजी शब्दाने चाळिशी उलटल्यावर गाठून जाब विचारावा, ही गोष्ट चार लोकांना सांगण्यासारखी आहे की नाही याविषयी मी पुष्कळ दिवस साशंक होतो. शब्द तसा अगदी ओळखीचा, 'एक्सप्लोड'. फटाका, बॉम्ब, बॉयलर, लोकसंख्या आणि घरातील वडीलधाऱ्यांचा संताप, या सर्वांच्या बाबतीत तो सर्रास वापरला जातो. शाळेतल्या मुलाला अर्थ विचारला तर तो 'फुटणे' किंवा 'स्फोट होणे' असे सांगून मोकळा होईल. मीही इतकी वर्षे तेच सांगत आलो होतो.

१९८८ साली इंदूरला बी. ए.च्या वर्गात एका जुन्या इंग्रजी निबंधाचे वाचन चालले होते. त्यात 'एक्सप्लोडेड थिअरी' असा शब्दप्रयोग आला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, थिअरी में बारूद होता है क्या?" वर्ग हसला, मीही हसलो, आणि 'हे रूपक आहे, बॉम्बने भिंतीच्या चिंधड्या उडाव्यात तशा त्या सिद्धान्ताच्या उडाल्या असे समजा' असे सांगून पुढच्या परिच्छेदाकडे वळलो. शिक्षकाने मारलेली थाप विद्यार्थ्यांना कळो न कळो, शिक्षकाला स्वतःला ती बरोबर कळते. संध्याकाळी घरी आल्यावर चहाच्या आधी कोश उघडला.

लॅटिन भाषेत 'प्लाउदेरे' म्हणजे टाळ्या वाजवणे. त्याच्या आधी 'बाहेर' या अर्थाचा 'एक्स' हा उपसर्ग लागला आणि 'एक्सप्लोदेरे' असे क्रियापद सिद्ध झाले. त्याचा अर्थ, टाळ्या वाजवून बाहेर घालवणे. कोणाला घालवणे? तर नटाला, रंगमंचावरून. म्हणजे 'अप्लॉज' आणि 'एक्सप्लोजन' ही सख्खी भावंडे निघाली. एकाच हाताच्या त्याच दोन तळव्यांनी नटाला डोक्यावर घ्यायचे आणि त्यांनीच त्याला विंगेत ढकलायचे. त्या मुलाला मी जे सांगितले होते ते नेमके उलटे होते. बॉम्बवरून सिद्धान्तावर रूपक केलेले नव्हते. सिद्धान्त 'एक्सप्लोड' होणे हा प्रयोग आधीचा आणि शब्दाच्या मूळ अर्थाला अधिक जवळचा. विद्वानांच्या सभेने ज्याला हुर्यो करून उठवून लावले तो सिद्धान्त. बॉम्बची पाळी पुष्कळ उशिरा आली.

कोश मिटून मी तसाच बसून राहिलो. त्याचे कारण व्युत्पत्तीचे नवल एवढेच नव्हते. ते कारण सांगण्यापूर्वी रोमच्या नाट्यगृहात थोडे थांबले पाहिजे.

रोमन प्रेक्षक हा मोठा कडक प्रेक्षक होता. प्लाउटस आणि टेरेन्स यांची प्रहसने संपताना नट थेट प्रेक्षकांकडे वळून टाळ्यांची मागणी करीत. आपल्याकडे भरतवाक्य असे, तिकडे हे. ही रीत इतकी अंगवळणी पडलेली होती, की सम्राट ऑगस्टसने इसवी सन १४ मध्ये मृत्युशय्येवर आपल्या स्नेह्यांना विचारले, जीवनाच्या या नाटकात माझी भूमिका बरी वठली ना, आणि वठली असेल तर टाळ्या वाजवा, अशी हकीकत त्याचा चरित्रकार स्वेटोनियस देतो. त्याच चरित्रकाराने नीरोविषयी लिहिलेले तर आणखी गमतीचे आहे. नीरोला गाण्याचा आणि अभिनयाचा भारी सोस. त्याने आपल्यासाठी पाच हजारांहून अधिक धट्टीकट्टी पोरे टाळ्या वाजवण्यासाठी बाळगली होती आणि त्यांना टाळ्यांचे प्रकार शिकवले होते. एकाचे नाव भुंग्यांच्या गुंजारवावरून पडलेले, दुसऱ्याचे अर्धगोल कौलावरून, तिसऱ्याचे खापरावरून. कौलाची टाळी म्हणजे बहुधा तळवे पोकळ धरून वाजवलेली, आणि खापराची म्हणजे तळवे सपाट ठेवून. आपल्या माळव्यातल्या जुन्या घरांवर नळीची कौले पाहिलेल्या माणसाला हा फरक वेगळा समजावून सांगायला नको.

पण टाळ्यांचा दुसरा उपयोगही तेवढाच प्रचलित होता. सिसेरो एके ठिकाणी म्हणतो, की नटाचे पाऊल तालातून जरासे चुकले, किंवा पद्याच्या चरणात एखादे अक्षर कमी-अधिक झाले, तरी लोक शीळ घालून आणि टाळ्या पिटून त्याला हुसकून लावतात. एका अक्षरासाठी! हे वाचून मला क्षणभर आपल्या जुन्या संगीत नाटकांचा प्रेक्षक आठवला. मात्र आपला प्रेक्षक शिक्षेपेक्षा बक्षिसात अधिक रमणारा. आवडलेल्या पदाला तो 'वन्स मोअर' देत राही. (जाता जाता सांगण्यासारखे, इंग्रज प्रेक्षक अशा वेळी 'वन्स मोअर' म्हणत नाही, तो फ्रेंचांचा शब्द उसना घेऊन 'आंकोर' म्हणतो, आणि फ्रेंच माणूस लॅटिनमधला 'बिस' उचलतो. पुन्हा मागायचे ते परक्या भाषेत, असा सर्वांचाच संकोच दिसतो.)

सिसेरोच्याच एका भाषणात, रोशियस नावाच्या थोर विनोदी नटाची बाजू मांडताना केलेल्या भाषणात, एरोस नावाच्या नटाची हकीकत येते. हा एरोस अगदी सुमार. लोकांनी त्याला नुसत्या शिट्ट्यांनीच नव्हे, तर शिव्याशाप देऊन रंगमंचावरून घालवले. सिसेरोने तेथे वापरलेले क्रियापद हेच. तेव्हा तो माणूस धावत सुटला तो थेट रोशियसच्या घरी गेला. देवाच्या वेदीचा आसरा घ्यावा तसा त्याने त्या घराचा आसरा घेतला, आणि रोशियसने त्याला आपल्या हाताखाली घेतले. थोड्याच काळात जो अगदी शेवटच्या रांगेतला होता तो पहिल्या रांगेतला नट झाला. सिसेरोला ही हकीकत आपल्या अशिलाचे कसब सिद्ध करण्यापुरती हवी होती. मला मात्र त्यात घालवल्या गेलेल्या माणसाची ती धाव अधिक दिसली.

आता हा शब्द दारूच्या कोठारापर्यंत कसा पोहोचला तेही पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत तो सोळाव्या शतकात आला तेव्हा धिक्कारणे, झिडकारणे हाच अर्थ घेऊन आला. मिल्टनला त्याचे मूळ पुरते ठाऊक होते. 'पॅराडाइज लॉस्ट' (१६६७) या महाकाव्याच्या दहाव्या सर्गात सैतान आपला पराक्रम सांगून अनुयायांच्या जयघोषाची वाट पाहत उभा राहतो आणि त्याला ऐकू येतात ते सर्पांचे फूत्कार. तेथे कवीने 'अप्लॉज' आणि 'एक्सप्लोड' हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसवले आहेत आणि सुचवले आहे, की ज्यांनी ते फूत्कार काढले त्यांची लाज त्यांच्याच तोंडून बाहेर पडली. जॉन्सनच्या १७५५च्या कोशातही या क्रियापदाचा पहिला अर्थ तुच्छतेचा गलका करून एखाद्याला अप्रतिष्ठेने घालवणे हाच आहे. एखादी वस्तू आपण होऊन फुटणे हा आज आपल्याला एकमेव वाटणारा अर्थ तेथे नाहीच. मात्र दुसरा अर्थ आहे तो दुवा जोडणारा, आवाज करून जोराने बाहेर लोटणे. सतराव्या शतकातल्या शास्त्रज्ञांना नळीतून गोळा बाहेर फेकणाऱ्या बंदुकीच्या दारूसाठी शब्द हवा होता. दारू गोळ्याला बाहेर घालवते आणि घालवताना मोठा आवाज करते. एवढे साम्य पुरेसे झाले. पुढे गोळा गळाला, घालवणे गळाले, उरला तो आवाज आणि चिंधड्या. टाळ्या वाजवणारे हात तर कोणाच्या लक्षातच राहिले नाहीत.

शब्दांच्या कुटुंबातही नशीब असतेच. 'प्लॉजिबल' हा याच घरातला. मूळ अर्थ टाळ्यांना पात्र. मग तो 'खरा वाटण्याजोगा' असा झाला आणि पुढे पुढे त्याला 'वरवर खरा दिसणारा' असा वासही येऊ लागला. टाळ्या मिळवणाऱ्या गोष्टीविषयी भाषेनेच बाळगलेला हा संशय मला फार शहाणपणाचा वाटतो. 'इम्प्लोजन' हा मात्र एकोणिसाव्या शतकात जुळणी करून बनवलेला. 'बाहेर'च्या जागी 'आत' एवढाच बदल. व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्याचा अर्थ 'टाळ्या वाजवून आत घालवणे' असा काहीतरी होईल, म्हणजे अर्थ लागतच नाही. पण नागासाकीवर १९४५ साली टाकलेला बॉम्ब याच तत्त्वावर चालला. भोवतालच्या स्फोटकांनी मधला प्लुटोनियमचा गोळा चहूबाजूंनी आत दाबला आणि त्या दाबाने पुढचा संहार घडला. घालवलेले सगळेच बाहेर जात नाही.

आणि आपल्याकडे? 'स्फोट' आणि 'फुटणे' ही दोन्ही संस्कृतातल्या 'स्फुट्' या धातूची संतती. धातुपाठात या धातूचे विकसणे आणि विदीर्ण होणे असे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत. कळी उमलते तेही स्फुटणे आणि मडके तडकते तेही. इंग्रजी शब्द नाट्यगृहात जन्मला, आपला बागेत. मराठीने तर या क्रियापदाचा असा संसार थाटला आहे, की परक्याला शिकवताना धाप लागावी. झाडाला पालवी फुटते, आईला पान्हा फुटतो, कातळाला पाझर फुटतो, पूर्वेला तांबडे फुटते, मुलाला कंठ फुटतो, नंतर मिसरूड फुटते. भीतीने घाम फुटतो, दुःखाने हुंदका फुटतो, लोकांच्या अन्यायाला कधीतरी वाचा फुटते. रस्त्याला फाटा फुटतो, लबाडाचे बिंग फुटते, परीक्षेचा पेपर फुटतो, पक्ष फुटतो, नशीब फुटते. यांतल्या निम्म्या ठिकाणी काही मोडत नाही, काहीतरी नवे बाहेर येते. 'एक्सप्लोड' शब्द या यादीतल्या एकाही जागी बसवून पाहावा, हसूच फुटेल.

पाचव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या भर्तृहरीने तर भाषेच्या मुळाशीच स्फोट मानला. 'वाक्यपदीया'तला त्याचा विचार माझ्यासारख्याने दोन ओळींत सांगू नये, पण इतके म्हणता येईल, की बोलणाऱ्याच्या तोंडून निघणारे ध्वनी एकामागून एक विरून जातात, त्यांपैकी एकही शेवटपर्यंत थांबत नाही, आणि तरी ऐकणाऱ्याच्या मनात वाक्याचा अर्थ अखंड, एकदम उमलतो. त्या उमलण्याला 'स्फोट' हे नाव. म्हणजे आपल्याकडे शब्द फुटला म्हणजे अर्थ कळला, आणि रोममध्ये शब्द चुकला म्हणजे नट गेला.

आता ते सांगतो ज्यासाठी कोश मिटून बसून राहिलो होतो.

आमच्या पणजोबांना होळकरांच्या दफ्तरात नोकरी मिळाली आणि आमचे घराणे इंदूरला आले. वाड्यात चौदा बिऱ्हाडे, सगळी मराठी. गणेशोत्सवात चौकात तख्त मांडून नाटक होई. माझे धाकटे काका कापड गिरणीत कारकून होते. त्यांना नाटकाचे वेड, पण काम नेहमी लहान मिळे, कारण उंची बेताची आणि बोलण्याला माळव्याचे वळण. घरात आम्ही सगळेच तसे बोलत होतो. पाणी 'सांडण्या'ऐवजी 'गिरत' असे, आणि माणूस येत नसे, 'येऊन राहिलेला' असे. मला त्याची लाज वाटू लागली ती कॉलेजात गेल्यावर. एका वक्तृत्वस्पर्धेसाठी पुण्याला गेलो होतो. तिथे सहज बोलताना "मी इंदूरहून येऊन राहिलो" असे म्हणालो आणि चार मुले एकमेकांकडे पाहून हसली. एवढेच झाले. पण त्यानंतर मी पुण्याची मासिके मागवून वाचू लागलो, आणि घरात काकूच्या, आजीच्या तोंडचे शब्द दुरुस्त करू लागलो. आजी उन्हाळ्यात गच्चीवर पापड घालून कावळे हाकायला बसे. ती एक टाळी वाजवी आणि म्हणे, "घ्या, आता हिलाही शुद्ध करा." ती टाळी कावळ्यांसाठी होती की माझ्यासाठी, हे मला तेव्हा कळले नव्हते.

१९६४ च्या गणेशोत्सवात ऐतिहासिक नाटक होते, वाड्यातल्याच एका हौशी गृहस्थाने लिहिलेले. काकांना तिसऱ्या अंकात जासुदाचे काम होते. राजाला रणांगणावरची वाईट बातमी येऊन सांगायची, सारी मिळून सहा वाक्ये. तालमीला ते रोज रात्री हजर असत, गिरणीतून थेट, डबा हातात घेऊन. नाटकाच्या रात्री पहिल्या रांगेत पुण्याहून आलेले एक प्राध्यापक बसले होते, कोणाचे तरी जावई. त्यांना मुद्दाम आणून बसवले होते, आणि आम्हा पोरांच्या मनावर त्यांचे भारी दडपण होते.

काका आले, मुजरा केला. लिहिलेले वाक्य होते, "महाराज, सांगताना ऊर फुटतो आहे." काकांच्या तोंडून निघाले, "महाराज, सांगताना कलेजा फाटून राहिला आहे."

खरे तर ते वाक्य त्यांच्या मनापासून आले होते. आवाज कापत होता, डोळ्यांत पाणी होते. पण पहिल्या रांगेत प्राध्यापकांनी रुमाल तोंडाला लावला, मागे एक खसखस पिकली, आणि मी टाळी वाजवली. दुसऱ्या रांगेच्या टोकाला बसलो होतो. कौतुकाची टाळी नव्हे. सावकाश, एकेक, मोजून वाजवलेली. माझे पाच-सहा मित्र मिळाले, मग सगळा चौक मिळाला. काकांनी पुढचे वाक्य दोनदा सुरू केले. दोन्ही वेळा टाळ्या वाढल्या. मग त्यांनी राजाला पुन्हा मुजरा केला आणि दरबारी शिरस्त्याप्रमाणे राजाकडे पाठ न करता, पावलापावलाने मागे सरकत ते विंगेत गेले. बातमी सांगायची राहूनच गेली. पुढे आलेल्या प्रधानाने ती कशीबशी आपल्या वाक्यांत कोंबली.

मला त्या पुण्याच्या पाहुण्याला एवढेच कळवायचे होते, की आम्ही सगळेच असे बोलत नाही.

त्या रात्री काकूने पिठले-भात झाकून ठेवला होता. काका जेवले. घरात कोणी काही बोलले नाही. पुढच्या वर्षी तालमी सुरू झाल्या तेव्हा त्यांनी काम मागितले नाही, नाटकाची वही मागितली. तेव्हापासून वीसबावीस वर्षे ते आमचे प्रॉम्प्टर होते. लेंगा आणि बाराबंदी घालून डाव्या विंगेत एका मोडक्या स्टुलावर बसायचे, हातात वही आणि एक बारीक टॉर्च. शब्द अचूक, ऱ्हस्वदीर्घासकट. विंगेत बसून जी भाषा ते बोलत ती पुण्यालाही चालली असती. चौकात उतरले की पुन्हा आपले 'येऊन राहिलो, जाऊन राहिलो'.

१९७२ साली मी नायकाचे काम करीत होतो. दुसऱ्या अंकात, समोर माणसे गच्च भरलेली असताना, माझी पाटी कोरी झाली. वाक्य नाही, शब्द नाही, काही नाही. पहिल्या रांगेत कोणी खाकरले. त्या खाकरण्यात मला ते सावकाश, मोजके आवाज ऐकू यायला लागले, अजून वाजलेले नसतानाच. आणि तेवढ्यात डावीकडून एकच शब्द आला. मला पोहोचेल आणि पहिल्या रांगेला पोहोचणार नाही अशा अचूक मापाचा. त्या एका शब्दाबरोबर सबंध स्वगत उभे राहिले. त्या रात्री माझ्या स्वगताला टाळ्या पडल्या.

पुढे भाषाशास्त्राची पुस्तके वाचली तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या. 'कलेजा' आणि 'काळीज' हे एकाच कुळातले शब्द आहेत, आणि 'काळीज फाटणे' ही चांगली मराठी बोली आहे. 'करून राहिला' हे तर वऱ्हाडात लाखो माणसे रोज बोलतात आणि त्यांना कोणी परप्रांतीय म्हणत नाही. काका जे बोलले त्यात मराठीबाहेरचे जवळजवळ काही नव्हते. पण ते नसतेच, अगदी शंभर टक्के हिंदी असते, तरी माझ्या टाळीचे समर्थन त्यातून कसे होणार होते?

तर १९८८ साली, कोश उघडला त्याच्या पुढच्या रविवारी, मी काकांकडे गेलो. ते निवृत्त झाले होते. अंगणात तुळशीच्या कुंडीतली माती उकरीत होते.

"ये. बसून जा," म्हणाले. "आज इकडे कसा?"

मी म्हणालो, "काका, तुम्हाला एक शब्द सांगायला आलो आहे."

मी सगळे सांगितले. रोमचे नाट्यगृह, एक अक्षर चुकले तरी नटाला हाकलणारे लोक, नीरोची टाळ्या वाजवणारी पोरे. कौलाच्या आणि खापराच्या टाळीची त्यांना फार मौज वाटली. मातीचे हात धुऊन, पुसून त्यांनी दोन्ही वाजवून पाहिल्या. आधी तळवे पोकळ करून, मग सपाट. "पोकळ टाळीच बरी," म्हणाले, "तबल्याला मध्ये येत नाही." मग मी एरोसला कसे घालवले ते सांगितले आणि थांबलो.

"पुढे काय झालं त्याचं?"

"रोशियस म्हणून मोठा नट होता, त्याच्या घरी तो पळत गेला. त्याने त्याला शिकवलं. चांगला नट झाला तो पुढे."

काका थोडा वेळ कुंडीकडे पाहत राहिले. "असं तोंड घेऊन कुणाच्या दारात जायचं म्हणजे हिंमत लागते," म्हणाले. "मी तर महिनाभर गिरणीच्या मागच्या फाटकाने जात होतो."

चोवीस वर्षांत त्या रात्रीविषयी त्यांनी उच्चारलेले हे पहिले वाक्य. मी म्हणालो, "काका, चौसष्ट साली ती पहिली टाळी..."

"तुझी होती."

मी गप्प राहिलो.

"तख्तावरून खालचं काही दिसत नव्हतं, दिवे डोळ्यांवर. पण आरतीत तू लहानपणापासून अर्धी मात्रा आधी टाळी वाजवतोस. किती वर्षं सांगून राहिलो तुला. तशीच वाजली."

"तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तू वीस वर्षांचा. पुण्याचा पाहुणा समोर बसलेला." त्यांनी कुंडीतली माती पुन्हा सारखी केली. "मला त्या टाळीचा राग नव्हता आला. राग आला तो पुढच्या वर्षी. तू माझ्याशी घरातही पुस्तकातलं बोलायला लागलास तेव्हा."

काकूने चहा आणला. चहा पिताना त्यांनी विचारले, की मुळात हा शब्द मी शोधायला कशाला गेलो. मी वर्गातली हकीकत सांगितली, बारूदवाल्या मुलाची. ते मोठ्याने हसले.

"मग त्याला खरं काय ते सांगितलंस का नाही?"

"नाही अजून."

"अरे मग सांग. बिचारा बारूद शोधत बसला असेल."

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो. तो मुलगा आला नव्हता. बाकीच्यांना सांगितले, आधी इंग्रजीत, मग हिंदीत, आणि वर्गात तीन-चार मराठी मुले होती, त्यांच्यासाठी घरी बोलतो त्या मराठीत. गुरुवारी तो मुलगा आला तेव्हा त्याला उभे करून पुन्हा सगळे पहिल्यापासून सांगितले.